जहाजावरचं पान : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मुंबईहून निघणाऱ्या समुद्रसफरींची तोंडओळख छापली होती : मुंबई–गोवा–मुंबई, मुंबई–लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या फेऱ्या. त्यावर सगळ्यात जास्त पत्रं आली ती विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतून. बहुतेकांचं तिकीट पुण्या-बंगळूरूतल्या पोरांनी काढलेलं आहे आणि काळजी आई-वडिलांना लागली आहे. तीही समुद्राची कमी, पोटाची जास्त. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

'सर्व जेवण समाविष्ट' असं तिकिटावर लिहिलं आहे. मग वरून पैसे कशाचे लागतात? — एक शेतकरी वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)

भाड्यात सहसा एवढं येतं : मुख्य भोजनगृहातलं दोन-तीन वेळचं जेवण, बुफे, आणि त्यांच्यासोबतचं पाणी व साधा चहा-कॉफी. तुमच्या जहाजाला हेच लागू आहे का, ते तिकिटासोबतच्या पत्रकात 'समाविष्ट' आणि 'समाविष्ट नाही' या दोन याद्यांत पाहून घ्या. दुसरी यादी आधी वाचा, ती बारीक अक्षरात असते.

वरून पैसे लागतात ते असे. दारू, डब्यातलं-बाटलीतलं थंड पेय, मशीनवर फेस काढून दिलेली कॉफी, 'स्पेशालिटी' पाटी लावलेलं वेगळं रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, फोटोग्राफरने काढलेले फोटो, बंदरावरची सहल. केबिनमधल्या टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी अडकवलेली असेल तर ती फुकट नाही, बूच उघडलं की बिलात चढते. लहान फ्रिजमधल्या वस्तूंचंही तेच.

जहाजावर रोख चालत नाही. चढताना केबिनचं एक कार्ड मिळतं. तेच दाराची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच खातं. सुरुवातीला काही रक्कम अनामत भरावी लागते किंवा बँकेचं कार्ड जोडावं लागतं. नातवंडांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवायला स्वागत कक्षात पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर आइस्क्रीमचा आणि व्हिडिओ गेमचा हिशेब शेवटच्या सकाळी कळतो.

जाहिरातीतला आकडा 'दर माणशी, दोघांत एक केबिन' या हिशेबाचा असतो. त्यावर बंदर शुल्क, कर आणि सेवा शुल्क चढतं. एकटा माणूस गेला तर बहुतेक कंपन्या जवळजवळ दोघांचं भाडं घेतात, कारण केबिन त्यांना दुसऱ्याला देता येत नाही. पोराला विचारताना 'तिकीट केवढ्याचं' असं विचारू नका. 'उतरेपर्यंत सगळं मिळून केवढं' असं विचारा.

आमच्या बुढ्याले भाकरीबिगर जमत नाही. जहाजावर भाकर भेटते काय? नाही तं घरून बांधून नेता येते काय? अन् ठेचा? — आर्णी (जि. यवतमाळ)

भाकर भेटण्याची आशा ठेवू नका. त्यामागं कारण आहे.

जहाजावर आगीसारखा दुसरा शत्रू नाही. म्हणून आजच्या प्रवासी जहाजांच्या स्वयंपाकघरात, त्याला गॅली म्हणतात, उघडी ज्योत नसते. चूल नाही, गॅसची शेगडीही नाही. सगळं विजेच्या तव्यांवर, वाफेच्या मोठ्या हंड्यांत आणि भट्ट्यांत शिजतं. तळणीच्या कढईलासुद्धा तापमान आवरणारे दोन थर्मोस्टॅट आणि आग विझवण्याची वेगळी यंत्रणा लागते, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मग फुलका आचेवर टाकून फुगवायचा कसा? तो तव्यावरच कापडानं दाबून फुगवतात. भाकरीचं दुखणं त्याहून मोठं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. ती हातावर नाहीतर परातीत एकेक थापावी लागते, तव्यावर पाणी फिरवून उलटवावी लागते, वर आचेवर शेकावी लागते आणि गरम गरम वाढावी लागते. हजार-दीड हजार माणसांच्या पंगतीत हे बसत नाही.

मिळतं ते असं : भारतीय प्रवाशांच्या जहाजावर रोज पोळी किंवा तंदुरी रोटी, वरण, भात, एक-दोन भाज्या, दही. बुफेतली पोळी गरम पेटीत ठेवलेली असते, अर्ध्या तासात चामड्यासारखी होते. पेटीतली उचलू नका. काउंटरवरच्या माणसाला 'ताजी टाका' म्हणा आणि दोन मिनिटं थांबा. मुख्य भोजनगृहात वेटर रोज तोच असेल तर पहिल्याच रात्री सांगून ठेवा : 'बाबांना भात मऊ, वरण बिनफोडणीचं, पोळी जेवताना एकेक.' पहिल्या रात्री सांगितलं तर शेवटच्या रात्रीपर्यंत ते लक्षात ठेवतात.

घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. कुणाचं पोट बिघडलं तर दोष कोणत्या अन्नाचा हे शोधता आलं पाहिजे, म्हणून. ताजी फळंही सहसा अडवतात, तेव्हा काटोल-वरुडची संत्री गाडीतच संपवा. कारखान्यात बंद केलेली पाकिटं काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी नाही. आधी फोन करून विचारा. चालत असेल तर जवसाची नाहीतर शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या, तीही दुकानातली सीलबंद. ओला ठेचा डब्यात नेऊ नका. तपासणीच्या पट्ट्यावर तेल सांडलं की चार बॅगांना लसणाचा वास लागतो आणि तोंड तुम्हाला लपवावं लागतं. तिखटाची सोय गॅलीतच होते : 'हिरवी मिरची, मीठ, लिंबू' एवढं मागा, बशीत येतं.

आम्ही दोघंही माळकरी. शाकाहारी मागितलं की झालं, की आणखी काही पाहावं लागतं? — खामगाव (जि. बुलडाणा)

मुंबईहून सुटणाऱ्या, भारतीय प्रवाशांच्या जहाजावर फारशी अडचण नाही. शाकाहारी व जैन जेवणाची तिथं सवय आहे. कांदा-लसूण नको असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा आणि चढल्यावर भोजनगृहाच्या प्रमुखाला पुन्हा सांगा. नोंद बुकिंगच्या कागदावर असते आणि पळी आचाऱ्याच्या हातात असते, दोघांची गाठ घालून देणं तुमच्याकडं.

परदेशी जहाजावर, म्हणजे सिंगापूर, युरोप, अमेरिका अशा सफरीत, 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबू नका. तिथं तुकडा दिसला नाही की शाकाहारी समजणारे भेटतात. चोरवाटा ठरलेल्या आहेत. फ्रेंच पद्धतीचं कांद्याचं सूप मुळात गोमांसाच्या रश्श्यावर करतात. 'सीझर' सॅलडच्या चटणीत अँकोव्ही नावाचे छोटे मासे वाटलेले असतात, वुस्टरशर सॉसमध्येही तेच. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. मूस, पन्नाकोटा, मार्शमेलो या गोड पदार्थांत सहसा जिलेटिन असतं आणि ते हाडं-कातडीपासून निघतं. केकमध्ये अंडं आहेच असं धरून चाला. भात कधीकधी चिकनच्या पाण्यात शिजवतात.

म्हणून 'व्हेज आहे का?' असा प्रश्न नको, त्याला उत्तर 'हो'च येतं. 'सूपचं पाणी कशाचं? जिलेटिन आहे का? अंडं आहे का?' असं सुटं सुटं विचारा. इंग्रजी जड जात असेल तर हे तीन प्रश्न पोराकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि वेटरला दाखवा. बुफेत पळ्यांची अदलाबदल होते. घाईत कोणीही रश्श्यातली पळी डाळीत बुडवतो. बुफे उघडल्या उघडल्या पहिल्या दहा मिनिटांत वाढून घेतलं तर हा घोळ बराच टळतो.

एकादशी, चतुर्थी, गुरुवार : साबुदाणा असेलच असं नाही. दूध, दही, फळं, उकडलेले आलू नक्की मिळतात. आदल्या रात्री सांगा.

काटे-चमचे पाहूनच धडकी भरते. कोणता कधी उचलायचा? हातानं जेवलं तर लोक हसतील का? — शिक्षिका, मूल (जि. चंद्रपूर)

हसत नाहीत. पोळी-भाजी हातानंच खायची असते आणि वेटरला ते ठाऊक असतं. जेवण झाल्यावर बोटं धुवायला कोमट पाणी व लिंबाची फोड मागितली तर वाटी येते. ती पिऊ नका, एवढंच.

तरी मांडणी समजली की भीती जाते. तुम्ही बसता तेव्हा समोर मोठी ताटली, तिच्यावर घडीचा रुमाल. तो आधी मांडीवर. डाव्या हाताला दोन काटे, उजव्या हाताला दोन सुऱ्या, त्यांच्याही बाहेर गोल तोंडाचा सूपचा चमचा. ताटलीच्या वरच्या अंगाला आडवे ठेवलेले लहान काटा-चमचा गोडासाठी. डावीकडची छोटी बशी तुमच्या पावाची, उजवीकडचे पेले तुमचे. गोल टेबलावर सगळ्यात जास्त गडबड इथंच होते : माणूस उजवीकडचा पाव उचलतो, तो शेजारच्याचा निघतो आणि मग सगळ्या टेबलाची बशी एकेकानं सरकते.

नियम एकच, बाहेरून आत. सूप आलं की सगळ्यात बाहेरचा चमचा, पहिल्या पदार्थाला बाहेरची जोडी, मुख्य पदार्थाला आतली. तुम्ही सूप मागितलं नाही तर वेटर तो चमचा स्वतः उचलून नेतो. चुकीचा उचललात तरी तो न बोलता नवा आणून ठेवतो. मध्येच थांबायचं असेल तर काटा-सुरी ताटलीत तिरपे, टोकं जवळ आणि मुठी दूर. संपलं असेल तर दोन्ही शेजारी शेजारी समांतर. समांतर ठेवून गप्पा मारत बसलात तर अर्धं ताट उचललं जाईल आणि दोष वेटरचा नसेल.

जेवण एकदम वाढत नाहीत. सुरुवातीचा पदार्थ, सूप किंवा सॅलड, मुख्य पदार्थ, गोड, अशा पाळ्या असतात. मेन्यू रोज बदलतो. वेटर सगळ्या पाळ्यांचं एकदमच विचारून घेतो, गोडाचं तेवढं शेवटी. प्रत्येक पाळीत वाढ लहान असते म्हणून घाबरू नका : मुख्य भोजनगृहात दोन सूप, दोन सुरुवातीचे पदार्थ, किंवा आवडलेलं पुन्हा, असं मागता येतं आणि सहसा त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. याला दीड तास लागतो. आपल्याकडं पंगत पंधरा मिनिटांत उठते, त्यामुळे पहिल्या रात्री 'हे लोक विसरले काय' असं वाटतं. लहान मुलं असतील तर 'मुलांचं आधी आणा' म्हणा.

जेवणाच्या दोन पाळ्या आहेत, कोणती घ्यावी? माझी साखर वाढलेली आहे. कपडे कोणते? — देवळी (जि. वर्धा)

पहिली. ती साधारण सहा-साडेसहाची असते, दुसरी साडेआठच्या सुमाराची. शेतावरून येऊन दिवेलागणीनंतर जेवणाऱ्या माणसाला दुसरी पाळी जड जाते. नऊला सूप आणि दहाला मुख्य पदार्थ. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जेवणाची वेळ पक्की करूनच डोस घ्यावा. पदार्थ यायला उशीर झाला तर साखर उतरते. डोस कसा बसवायचा हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा. खिशात साखरेची पुडी असू द्या. इन्सुलिनसाठी फ्रिज आणि सुया टाकायचा डबा स्टुअर्डकडं, म्हणजे केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाकडं मागा. सगळी औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग केबिनपर्यंत पोचायला चार-चार तास लागतात.

कपड्यांचं अवघड नाही. दिवसा बुफेत काहीही. रात्री भोजनगृहात हाफ पँट, बनियन आणि रबरी चप्पल चालत नाही. एखादी रात्र 'फॉर्मल' असते. तेव्हा कोटच हवा असं नाही. काठाची साडी, कुर्ता-पायजमा, वर जाकीट, झालं. इस्त्री मात्र नेऊ नका, तपासणीत काढून ठेवतात.

बुफेत सकाळचंच अन्न संध्याकाळी ठेवतात का? पोट बिघडण्याची भीती किती? — निवृत्त आरोग्यसेवक, वणी (जि. यवतमाळ)

चांगल्या जहाजावर नाही. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांना जो स्वच्छतेचा नियम लागू आहे तो असा : गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, थंड अन्न ५ अंशांच्या वर. तापमान न राखता नुसतं वेळेवर ठेवलेलं अन्न ४ तासांनी फेकायचं. तपासणी १०० गुणांची असते आणि ८५ किंवा कमी म्हणजे नापास. इतर मार्गांवरची यंत्रणा वेगळी, पण गॅलीचं शास्त्र तेच.

पोट बिघडतं ते शिळ्या अन्नापेक्षा हातांमुळे. जहाजावरचा बदनाम आजार म्हणजे नोरोव्हायरस, उलट्या आणि जुलाब. तो पळ्यांच्या मुठी, जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं यांवरून फिरतो. दाराशी फवारतात त्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. साबण आणि पाण्यानं २० सेकंद चोळून धुतलेले हात लागतात. आपण हातानं जेवणारी माणसं, म्हणून क्रम असा ठेवा : आधी वाढून ताट टेबलावर ठेवा, मग हात धुवा, मग जेवा. उलटं केलं तर धुतलेल्या हातानं दीडशे जणांनी धरलेली पळी धरता आणि त्याच हातानं घास घेता. दुसऱ्यांदा वाढायला जाताना नवी ताटली घ्यायची, उष्टं ताट बुफेवर न्यायचं नाही. उलटी-जुलाब सुरू झाले तर लपवू नका, केबिनमधून जहाजाच्या दवाखान्याला फोन लावा. दवाखान्याचे पैसे लागतात, प्रवास विमा त्यासाठीच.

बोट लागते म्हणतात. काय करावं? कोणती केबिन घ्यावी? — तुमसर (जि. भंडारा)

दोन्हींचं उत्तर एकच आहे. जहाज पाळण्यासारखं डोलतं आणि पाळण्याचा मधला भाग सगळ्यात कमी हलतो. म्हणून केबिन खालच्या मजल्यावरची आणि लांबीच्या मध्यावरची मागा. वरच्या मजल्यावरची, नाकाकडची केबिन महाग आणि जास्त हलणारी. जहाजाच्या पोटाला दोन बाजूंनी माशासारखे पंख बाहेर येतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात; ते आडवं डोलणं कमी करतात, पुढं-मागं आपटणं नाही.

काळ महत्त्वाचा. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बराच शांत. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे हंगाम. हवा बिघडली तर कॅप्टन एखादं बंदर गाळतो आणि त्यावर दाद मागता येत नाही. फार तर बंदर शुल्क परत मिळतं.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यावी लागते. या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही नको. कोरडी बिस्किटं, सफरचंद, आल्याचा तुकडा. आणि निघण्याच्या आदल्या रात्री सावजी रस्सा नको, तो परतीच्या वाटेवर खा. मळमळलं की केबिनमध्ये आडवं होऊन मोबाईल बघू नका. वर डेकवर, म्हणजे मोकळ्या मजल्यावर या आणि जिथं आभाळ-पाणी मिळतं त्या रेघेवर नजर ठेवा.

केबिनबद्दल आणखी थोडं. सगळ्यात स्वस्त ती आतली, बिनखिडकीची, सव्वाशे-दीडशे चौरस फुटांची. उजाडलेलं कळत नाही, गजर लावा. चौघांची म्हणजे दोन पलंग खाली, दोन भिंतीतून उघडणारे वर. गुडघे दुखणाऱ्यानं वरचा घेऊ नये. न्हाणीच्या दाराला चार-सहा बोटं उंच उंबरा असतो, रात्री त्याला ठेच लागते. रात्रभर न्हाणीतला दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा. बादली नाही, फवारा असतो. परदेशी जहाजांवर संडासात पाण्याची तोटी सहसा नसते, प्लॅस्टिकचा मग सोबत न्या. संडास हवेच्या ओढीवर चालतो : बटण दाबलं की खस्सकन ओढून घेतो, आवाजानं दचकू नका, आणि झाकण लावून मगच दाबा. त्यात कागदाशिवाय काही टाकलं की एकट्या तुमचा नाही, ओळीतल्या कित्येक केबिनचा संडास तुंबतो. भिंती लोखंडी असतात. चुंबकाचे चार हूक नेलेत तर टॉवेल, टोपी, पिशवी टांगायची सोय होते. प्लगची भोकं वेगळी असू शकतात, अडॅप्टर न्या. एक्स्टेंशन बोर्ड बंदी असलेल्या वस्तूंत आहे. किटली, अगरबत्ती, मेणबत्ती, निरांजनही. गजानन महाराजांचा फोटो ठेवा, दिवा मनातला.

गोंदियाहून मुंबईला गाडीनं जाणार. त्याच दिवशी जहाज पकडता येईल का? — आमगाव (जि. गोंदिया)

येईल, पण तशी आखणी करू नका. विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोचते आणि तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीनं दोन-एक किलोमीटर. कागदावर सोपं आहे. गाडी चार-पाच तास रखडली तर मात्र जहाज थांबत नाही, आणि प्रवेशाची खिडकी सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. आदल्या दिवशी पोचा. अस्सल ओळखपत्र जवळ ठेवा आणि आधारवरचं नाव व तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते महिनाभर आधीच पाहा. 'देविदास' आणि 'देवीदास' यावरून तासभर वाद होतो. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो कोण काढणार ते विचारून घ्या.

चढल्यावर सगळ्यांची सुरक्षा कवायत होते. कार्डावर जमण्याच्या जागेचं अक्षर असतं, तिथं जायचं. भोंग्याची खूण पाठ करा : सात आखूड आणि एक लांब. ती ऐकू आली की लिफ्ट नाही, जिना. कवायत चुकवून बुफेत बसू नका, तुम्हाला तिथून उठवून नेतात.

थोडक्यात उत्तरं

*फोन लागतो का?* किनाऱ्यापासून थोडं पुढं गेलं की नाही. 'एअरप्लेन मोड' लावून ठेवा. नाहीतर फोन जहाजाचं उपग्रही नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी येतं. (हिंगणघाट)

*खर्रा चालतो का?* थुंकायला जागाच नाही. कठड्यावरून थुंकाल तर वारा ते खालच्या बाल्कनीत नेऊन टाकतो. पन्नी समुद्रात टाकणं आंतरराष्ट्रीय नियमानं गुन्हा आहे. बिडी-सिगारेट फक्त ठरलेल्या कोपऱ्यात, थोटूक कठड्याबाहेर कधीच नाही. ते उडत खालच्या डेकवर येतं आणि आग लागते. (चिमूर)

*सून गरोदर आहे, नातू चार महिन्यांचा.* बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर गर्भवतीला आणि ६ महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत. (रिसोड)

*लक्षद्वीपहून प्रवाळ आणू का?* नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते संरक्षित आहे, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलू नका. (मेहकर)

मुलानं हॉटेल मॅनेजमेंट केलं आहे. एक एजंट जहाजाच्या गॅलीत नोकरीसाठी दीड लाख मागतो. द्यावे का? — आरमोरी (जि. गडचिरोली)

देऊ नका. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या संस्थेकडं नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना लागतो. त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे, तिच्यात नाव नसेल तर बोलणं तिथंच थांबवा. नाव असलं तरी नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, खलाशाचं पुस्तक म्हणजे सीडीसी, आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च मात्र उमेदवाराचा.

आधी मान्यताप्राप्त संस्थेतून एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं, मूलभूत प्रशिक्षण करावं : पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदाऱ्या. सोबत जहाज-सुरक्षेचा छोटा अभ्यासक्रम. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा, मध्ये सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती मिळायला हवी. याचा दुसरा अर्थ, उरलेला वेळ काम निघू शकतं. सुरुवात आचारी म्हणून होत नाही. भांडी, भाजी चिरणं, बुफेची भर. मुलाला दिवसभर उभं राहता येतं का आणि खिडकी नसलेल्या खोलीत दुसऱ्या एकासोबत झोपता येतं का, हे आधी विचारा. गुण नंतर बघू.

शेवटच्या दिवशी उरलेली मिठाई, केक घरच्यांसाठी डब्यात आणता येईल का? — पातूर (जि. अकोला)

बुफेतलं अन्न जहाजाबाहेर नेऊ देत नाहीत. परदेशी बंदरात तर फळ किंवा सँडविच बॅगेत सापडलं तर दंड होऊ शकतो. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्टी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चप्पल, कवळी आणि औषधं आधी बाजूला काढा. बॅग रात्रीच खाली जाते आणि मग पायजम्यावर मुंबईत उतरावं लागतं. त्याच रात्री स्वागत कक्षातून खात्याचा उतारा मागून घ्या, सकाळी तिथं रांग लागते. घरच्यांसाठी मिठाई परतताना नागपुरात उतरून घ्या. संत्रा बर्फी जहाजावरच्या केकपेक्षा बरी टिकते.